चाक आधी मापा, मग शोधा

बेलापुरात प्रवरेच्या काठाजवळ आमची जमीन आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये 1960 च्या दशकातला एक महिंद्रा-विलीज पिकअप उभा असतो. वडिलांनी त्यातून मोसंबी वाहिली, कांदा वाहिला, पेरणीच्या दिवसांत खताच्या गोण्या आणल्या. इंजिन अजून सुरू होतं, पत्रा जागेवर आहे. चाकांचं मात्र भलतंच झालं होतं. चार चाकं तीन वेगवेगळ्या घराण्यांतली होती. साठ वर्षांत जे मिळालं ते बसवलं गेलं आणि गाडी चालत राहिली. तिला तिची मूळ चाकं परत द्यायची, असं ठरवून मी दीड वर्ष शोध घेतला. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. आपल्या भागात अशा गाड्या अजून बऱ्याच शेडांत झाकून ठेवलेल्या आहेत, आणि चाकांपाशी येऊनच त्यांचं काम थांबतं असं मी पाहिलं आहे.

शोधाची सुरुवात बाजारातून करू नका, स्टेपनीपासून करा. जुन्या गाडीची स्टेपनी सगळ्यात कमी फिरलेली असते. पंक्चर झालं की ती खाली उतरते, काम झालं की परत जागेवर जाते, आणि मग वर्षानुवर्षं तिच्याकडे कोणी बघत नाही. आमची स्टेपनी बॉडीच्या बाजूला अडकवलेली होती. टायर पार वाळून तडकलेला. तो काढला, डिश म्हणजे चाकाचा मधला पत्रा आणि रिम रॉकेलच्या फडक्याने पुसली, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासली. वरचा चंदेरी रंग निघाला, खालून हिरवा आला, त्याच्याखाली काळा. नळीच्या खाचेजवळ पत्र्यात ठोकलेली अक्षरं बोटाला लागली. त्यांच्यावर खडू चोळून फडकं फिरवलं, तेव्हा पांढऱ्या अक्षरांत 16, पुढे गुणिलेची फुली, मग 4.50 आणि शेवटी इंग्रजी ई असं उमटलं.

एवढ्याशा ओळीत बरंच काही असतं. 16 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. 4.50 म्हणजे रिमची रुंदी, साडेचार इंच. शेवटचं अक्षर म्हणजे टायरला धरून ठेवणाऱ्या कडेचा आकार. ई, जे, के अशी अक्षरं येतात. ई प्रकारची कड जे प्रकारापेक्षा थोडी उंच असते. शिक्का गंजून गेला असेल तर माप स्वतः घ्यावं लागतं, आणि तिथेच पहिली चूक होते. टेप बाहेरच्या कडेला लावली तर सोळाची रिम साडेसतरा इंच भरते. व्यास मोजायचा तो टायरची कड जिथे बसते त्या पायरीवर. रुंदीही दोन्ही कडांच्या आतून घ्यायची, बाहेरून नाही. फोनवर कुणी “सतराची रिम आहे” म्हणालं तर त्याने टेप कुठे लावली ते विचारा. निम्म्या वेळा ती सोळाचीच निघते.

आता भोकं. विलीजच्या जीपला आणि पिकअपला पाच स्टड असतात. त्यांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ साडेपाच इंचांचं, म्हणजे 139.7 मिलिमीटरचं. गॅरेजमध्ये याला पीसीडी म्हणतात. सहा भोकांच्या चाकावर हे मोजणं सोपं आहे, कारण समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर हीच पीसीडी. पाच भोकांना समोरासमोर जोडीदार नसतो. त्यामुळे लोक नजरेने अंदाज करतात आणि फसतात.

त्यावर उपाय असा. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घ्या, पण मध्यापासून मध्यापर्यंत नको, कारण भोकाचा मध्य डोळ्याला सापडत नाही. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारख्या आकाराची असतील तर हे अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराइतकंच भरतं. त्याला 1.7 ने गुणलं की वर्तुळ मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या आपले फिटर सुतात बोलतात, एका इंचाला आठ सूत, म्हणून सुतातही सांगून ठेवतो. साडेपाचच्या वर्तुळात शेजारच्या भोकांचं अंतर 82 मिलिमीटर येतं, म्हणजे सव्वातीन इंचाला केसभर कमी. पाच इंची वर्तुळात ते 74.6 मिलिमीटर, तीन इंचाला अर्धा सूत कमी. साडेचारच्या वर्तुळात 67.2 मिलिमीटर, अडीच इंच एक सूत आणि थोडं वर. ही तीन मापं शेडच्या दारामागे खडूने लिहून ठेवा.

ही मापं माझ्या दारामागे आधीपासून असती तर माझे पैसे वाचले असते. सुरुवातीला फोनवर आलेल्या एका फोटोवर विसंबून मी दुसऱ्या राज्यातून चार रिम मागवल्या. फोटोत पाच भोकं दिसत होती, सोळाची रिम होती, शिक्काही ओळखीचा वाटत होता. ट्रान्सपोर्टने माल आला, हबवर धरला, आणि दोन स्टड आत गेले की तिसरा अडायचा. त्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या रिम होत्या. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही 6.00-16 टायर सर्रास लागतो, म्हणून रिमचा घेर जीपसारखाच दिसतो. पण भोकांचं वर्तुळ वेगळं असतं आणि डिशची खोलीही वेगळी. येण्याजाण्याचं भाडं माझ्याच अंगावर आलं. तेव्हापासून विकणाऱ्याकडे मी आधी टेप लावलेले फोटो मागतो. शेजारच्या दोन भोकांवर टेप ठेवलेला एक, डिशच्या मधल्या भोकावरचा एक, शिक्क्याचा एक, चाक पालथं घालून आतल्या बाजूचा एक, आणि टायर काढलेल्या रिमच्या पायरीचा एक. ज्याच्याकडे माल खरा असतो तो पाच फोटो पाठवायला कुरकुर करत नाही.

वर्तुळ जुळलं म्हणून चाक जुळलं असं होत नाही. पुढची गोष्ट ऑफसेट. शब्द जरा अवघड वाटतो, पण माप अगदी साधं आहे. चाक जमिनीवर पालथं ठेवा, म्हणजे गाडीकडची बाजू वर येईल. रिमच्या कडांवर सरळ लोखंडी पट्टी आडवी ठेवा. पट्टीपासून खाली, डिश हबला जिथे टेकते त्या सपाटीपर्यंत खोली मोजा. समजा रिमची बाहेरून बाहेर रुंदी साडेपाच इंच आहे. तिचं अर्ध म्हणजे पावणेतीन. खोली सव्वातीन भरली, तर चाक मध्यरेषेपासून अर्धा इंच आत बसतं. हाच तो ऑफसेट. दुसऱ्या एखाद्या चाकाची रुंदी तेवढीच आणि खोली चार इंच असेल, तर ते आपल्या मूळ चाकापेक्षा पाऊण इंच जास्त आत जाईल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाट्याला किंवा रॉडला घासायला लागेल. खोली कमी असेल तर चाक बाहेर येतं. मग स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगवर भलतीकडून भार येतो आणि दर पावसाळ्याला बेअरिंग बदलायची वेळ येते. आमच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाचं नेमकं हेच दुखणं होतं. बेअरिंग वाईट येतं म्हणून वडील दुकानदाराला दोष देत राहिले. दोष चाकात होता.

जिप्सीच्या चाकाची भूल इथेच पडते. मारुती जिप्सीलाही पाच भोकं साडेपाचच्या वर्तुळावर, त्यामुळे ते चाक विलीजच्या हबवर जातं. पण जिप्सीचा स्टड 12 मिलिमीटरचा आणि आपला चार सुती, म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. शिवाय रिम पंधराची आणि ऑफसेट वेगळा. तात्पुरतं गाडी हलवायला चालेल, त्याला मूळ चाक म्हणता येणार नाही.

दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण या भागात विलीजखेरीज शेवरले, डॉज आणि फार्गोही पुष्कळ आल्या. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा कारखाना, पुढे 1950 मध्ये प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि फळबागा, यांमुळे मोटारी आणि ट्रक इथे लवकर दिसू लागले. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. 1954 मध्ये ते काम बंद झालं, कारण नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने पुढे वाव ठेवला नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लर घराण्याच्या डॉज आणि फार्गो बनवल्या. शिवडीच्या काळातल्या शेवरलेचं चाक शोधणं फार अवघड आहे ते यामुळेच. त्या गाड्यांचे बरेचसे भाग पेट्यांतून बाहेरून येत आणि इथे जोडले जात. जोडणी थांबली, चाकंही थांबली. त्या काळच्या अर्ध्या टनी शेवरले पिकअपला सहा स्टड साडेपाच इंची वर्तुळावर असत आणि रिम सोळाची. आजच्या फॉर्च्युनरला आणि डी-मॅक्सलाही सहा बोल्ट साडेपाचवरच आहेत, म्हणून कुणी तरी ती चाकं बसवायला सुचवतंच. वर्तुळ तेच, पण ऑफसेट, मधलं भोक, रुंदी सगळं निराळं. डॉज आणि फार्गोच्या अर्ध्या टनीचं वर्तुळ साडेचारचं. म्हणून भंगारात “जुन्या अमेरिकन गाडीचं पाच भोकांचं चाक” दिसलं की विलीजवाल्याने आधी टेप लावावी आणि मग भाव विचारावा.

या बाबतीत विलीजवाला नशीबवान. महिंद्राने जीप आधी मुंबईत माझगावला जोडली, नंतर परवान्यावर इथेच बनवायला घेतली, आणि ते घराणं दशकानुदशकं चालू ठेवलं. साडेपाचचं वर्तुळ तेच राहिलं. चेन्नईजवळच्या पाडीची व्हील्स इंडिया ही 1960 ची कंपनी, आणि देशातल्या असंख्य गाड्यांची पोलादी चाकं तिथे बनली. त्यामुळे इंग्रजी शिक्क्याच्या अमेरिकन चाकाइतकंच इथल्या शिक्क्याचं चाकही आपल्या गाडीला मूळ असू शकतं. 1960 च्या दशकात भारतात बनलेल्या पिकअपला भारतातलंच चाक शोभतं. काही हौशी लोक अशा गाडीला महायुद्धातल्या लष्करी जीपची चाकं लावतात. ती दिसतात देखणी, पण त्या गाडीची ती नव्हेत, आणि मला स्वतःला ते पटत नाही.

लष्करी चाकाची एक गोष्ट मात्र प्रत्येकाला माहीत हवी. ते चाक दोन अर्ध्या भागांचं असतं आणि आठ नटांनी एकमेकांना जोडलेलं असतं. हे आठ नट आणि गाडीला बसवायचे पाच नट एका ओळीत नसतात, पण नवख्या माणसाला फरक कळत नाही. टायरमध्ये हवा असताना ते आठ नट सोडले तर चाक बॉम्बसारखं फुटतं. मोठ्या गाड्यांच्या रिमला जी वेगळी लोखंडी रिंग असते तिचंही तेच. गंजलेली रिंग हवा भरताना उडाली आणि पंक्चरवाल्याचा जीव गेला, असे अपघात आपल्या महामार्गांवर झालेले आहेत. म्हणून नियम एकच. कुठलंही अनोळखी चाक हातात आलं की सगळ्यात आधी नळीतला व्हॉल्व्ह काढायचा, सगळी हवा जाऊ द्यायची, तार घालून नळी मोकळी असल्याची खात्री करायची, आणि मगच पाना हातात घ्यायचा.

आता शोधायचं कुठे? माझा अनुभव असा की गाडी भंगारात जाते, चाक जात नाही. जीप तुटली की तिची चाकं दुसऱ्या कामाला लागतात. उसाच्या टायरगाडीखाली बघण्यात अर्थ नाही. बैलगाड्यांसाठी वेगळे टायर येतात, एकोणीस इंची, आणि त्यांची रिम आपल्या कामाची नाही. बघायचं ते पाण्याच्या छोट्या टाकीगाडीखाली, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या गाड्याखाली, जुन्या मळणी यंत्राखाली, वेल्डिंगवाल्याच्या जनरेटरच्या ट्रॉलीखाली. तिथे ताशी पाच-दहा किलोमीटरच्या वर वेग कधी नसतो. त्यामुळे रिम घासलेली असते, गंजलेली असते, पण वाकलेली क्वचित. मला पहिली दोन खरी चाकं राहुरीच्या अलीकडे एका वस्तीवर पाण्याच्या टाकीखाली दिसली. मालकाला बदल्यात चांगली चालू चाकं टायरसकट दिली, वर टाकीचा आख दुरुस्त करून दिला. पैसे देऊन टाकी अडवून ठेवण्यापेक्षा अशी अदलाबदल समोरच्याच्या सोयीची असते, आणि चहा होतो तो वेगळा.

मात्र एक तपासा. अशा गाड्यांवर डिश कधीकधी थेट आखाला वेल्ड केलेली असते. गॅसने कापून काढलेली डिश घेऊ नका. उष्णतेने तिचा ताव गेलेला असतो आणि टेकणारी सपाटी कधीच सरळ राहत नाही.

आपल्या पट्ट्यात मिळालं नाही तर श्रीरामपूर आणि नगरचे जुने स्पेअर पार्टवाले. दुकानाच्या पुढच्या भागात नवा माल असतो. माळ्यावर काय आहे ते विचारा. वडिलांच्या काळात आलेला आणि पडून राहिलेला माल अजूनही निघतो. मग पुण्याचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकानं आणि चोरबाजार. त्यापलीकडे दिल्लीचं मायापुरी, आणि हरियाणातलं मंडी डबवाली, जिथे लष्कराच्या जुन्या जीपा घेऊन नव्याने बांधायचा मोठा धंदा आहे. सरकारी आणि लष्करी वाहनांचे लिलाव आता एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात, पण तिथे चार चाकं सुटी मिळत नाहीत, गाडीच घ्यावी लागते. लांबच्या बाजारातून घेताना स्वतः जा. एखादा रबरी हातोडा, टेप, पट्टी, खडू आणि अर्ध्या इंचाचा एक जुना नट पिशवीत ठेवा.

तो नट कशाला, ते पुढे कळेल. आधी चाकाची तपासणी. सगळ्यात महत्त्वाच्या दोन जागा म्हणजे नटांच्या भोकांभोवतालचा पत्रा आणि डिश रिमला जिथे जोडलेली असते ती रेषा, मग तिथे रिव्हेट असोत किंवा वेल्ड. तडा इथेच जातो आणि रंगाखाली दिसत नाही. त्यावर आपल्या फिटर लोकांची एक जुनी युक्ती आहे. ती जागा तारेच्या ब्रशने उजळ करायची, तिथे रॉकेल लावायचं, नाही मिळालं तर डिझेल, आणि दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. मग फडक्याने अगदी कोरडं पुसायचं आणि खडूची भुकटी किंवा चुना पातळ पसरायचा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. मी तपासलेल्या अकरापैकी तीन चाकांवर ती रेघ आली. नुसत्या डोळ्यांना तिन्ही चाकं ठणठणीत वाटत होती. अशी रेघ दिसली की चाक तिथेच ठेवायचं. “वेल्ड मारून घेऊ” असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. त्यातही टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग करणं म्हणजे जिवाशी खेळ. आतली हवा तापून टायर फुटतो.

पिशवीतला नट इथे लागतो. नटाचा पुढचा भाग निमुळता असतो आणि चाकाच्या भोकाची कडही तशीच उतरती असते. या उतारावर बसून नट चाकाला मध्यावर आणतो. जुन्या गाड्यांत मधल्या भोकावर चाकाचा भरवसा नसतो. भोकात नट ठेवून बोटाने फिरवा. सगळीकडून सारखा टेकला पाहिजे. सैल नटावर चाललेल्या चाकाची भोकं लंबगोल झालेली असतात, नट एका बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूला उजेड दिसतो. असं चाक लेथवाल्याकडे नेऊनही सुधारत नाही.

मग बाक. चाक गाडीच्याच हबवर चढवा, गाडी जॅकवर घ्या, आणि आखाला किंवा पाट्याला तार बांधून तिचं टोक रिमच्या कडेपाशी आणा. चाक हाताने सावकाश फिरवा. तार आणि कड यांच्यातली फट कुठे वाढते, कुठे कमी होते ते बघा. आडवा किंवा उभा फरक दीड मिलिमीटरच्या आत असेल तर चाक घ्या. पण त्याआधी हबचं बेअरिंग तपासून घ्या. बेअरिंग ढिलं असेल तर चांगलं चाकही आऊट मारतं आणि उगाच बाद होतं.

पिकअपवाल्यांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. जीपला 6.00-16 टायर लागतो, पिकअपला 7.00-16. पिकअप टनभर माल ओढतो, त्यामुळे त्याच्या चाकाचं काम जास्त भाराचं असतं. डिशचा पत्रा व्हर्निअरने मोजून आपल्या स्टेपनीशी ताडून बघा. जीपचं चाक पिकअपवर बसतं, रिकाम्या गाडीला चालतंही, पण माल भरायचा असेल तर जाडी जुळायला हवी. ब्रेकच्या ड्रमचंही बघा. जीपचा ड्रम नऊ इंची, पिकअपचा अकरा इंची. चाक चढवल्यावर नट कसण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून आत कुठे घासत नाही ना, ते ऐका.

चाक काढायची वेळ येते तेव्हा मात्र जुन्या विलीजचा एक स्वभाव लक्षात असू द्या. डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात. गाडी पुढे जाताना चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये, म्हणून तशी रचना केली आहे. उजवीकडचे नट नेहमीसारखे डावीकडे फिरवून सुटतात, डावीकडचे उजवीकडे फिरवून. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो, तो खडूने उठतो. आमच्या गाडीच्या बाबतीत एका गॅरेजमधल्या पोराने डाव्या चाकाचा नट सुटेना म्हणून पान्याला चार फुटी पाइप लावला आणि जोर केला. तो नट घट्ट करत होता. एकामागून एक दोन स्टड मुळापासून तुटले. त्याचा दोष काय म्हणायचा, त्याने आयुष्यात उलटे आटे पाहिलेच नव्हते. नंतर मी डाव्या हबच्या कडेला लाल रंगाने उलट्या बाणाची खूण केली. तुमच्या गाडीवर कुणी मधल्या काळात स्टड बदलले असतील तर दोन्हीकडे सरळ आटेही निघू शकतात. म्हणून टोक बघितल्याशिवाय जोर लावू नका.

चाकं हाती आल्यावरचं काम थोडक्यात सांगतो. टायर-ट्यूब काढा; चाकाबरोबर आलेला टायर रिमची कड जपायला म्हणून ठेवला तर ठेवा, रस्त्यावर वापरू नका. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गंज काढायला सँडब्लास्टिंग चालतं, पण बारीक वाळू आणि हलका दाब हवा. जोराच्या माऱ्याने शिक्क्याची अक्षरं बुजतात, आणि तीच तर आपण दीड वर्ष शोधत होतो. आतली पायरी गंजाने खड्ड्यांची झाली असेल तर ट्यूबला रोज घासणार. या रिमना ट्यूबलेसची उभारलेली पायरी नसते, तेव्हा ट्यूब लागतेच. 6.00-16 आणि 7.00-16 हे नायलॉन टायर अजून मिळतात. फक्त ट्रॅक्टरचा तीन पट्ट्यांचा पुढचा टायर सोळाचा आहे म्हणून चढवू नका. तो शेतातल्या वेगासाठी असतो.

रंगाच्या बाबतीत माझं म्हणणं आग्रहाचं आहे. डिशवर जाड रंग चढवायचा मोह होतो, पण नट जिथे टेकतो त्या उतारावर आणि हबला टेकणाऱ्या मागच्या सपाटीवर प्रायमरचा एक पातळ हात पुरे. तिथे रंगाचे थर असले तर गाडी चालताना ते दबतात, झिजतात, आणि कसलेला नट आपोआप ढिला होतो. आम्ही तेवढ्या जागा कागदी टेपने झाकून बाकी चाक रंगवलं.

कागदपत्रांचं एक राहिलं. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि नूतनीकरणाला 5,000 रुपये शुल्क आहे. मात्र त्या गाडीने रोजचं काम करता येत नाही आणि व्यवसायासाठी ती वापरता येत नाही. तुमचा पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेला असेल तर आधी श्रीरामपूरच्या एमएच 17 च्या कार्यालयात जाऊन विचारा, मगच अर्जाच्या मागे लागा. चाकं मूळ असतील तर तिथल्या तपासणीत गाडीचं रूप मूळ आहे हे सांगायला सोपं जातं.

आमचं चौथं चाक शेवटी नगरच्या एका माळ्यावर सापडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कधीच न चढलेलं. त्याच्या नळीच्या खाचेजवळही तोच शिक्का. चारही चाकं चढवली, नट आधी हाताने, मग एक सोडून एक असे आळीपाळीने कसले, एका फेऱ्यात पूर्ण नाही, तीन फेऱ्यांत. स्टेपनी तिच्या जागेवर परत गेली. सकाळी पिकअप घेऊन नगरच्या रस्त्याला निघालो. राहुरी ओलांडल्यावर कडेला थांबवला आणि पाना काढला. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट पन्नासेक किलोमीटरच्या आत एकदा पुन्हा कसावे लागतातच. उजवीकडचे जेमतेम हलले. डावीकडचे दोन पाव फेरा गेले, उलट्या बाजूला.